डोंबिवलीतला नमुना, पुण्यातली लस

ठाण्यातला करोनाचा पहिला रुग्ण मार्च २०२० च्या मध्यावर सापडला. फ्रान्सहून परतलेला, घोडबंदर रोडच्या पट्ट्यात राहणारा तरुण होता तो. त्याच सुमारास कल्याणमध्ये अमेरिकेहून आलेल्या एका रहिवाशाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात ही चाचणी करू शकणाऱ्या प्रयोगशाळा होत्या तीन: पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणजे एनआयव्ही, मुंबईचं कस्तुरबा रुग्णालय आणि नागपूरचं इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ठाण्या-कल्याणचे स्वॅब थंड डब्यात भरून कस्तुरबाला जायचे आणि रिपोर्ट येईपर्यंत अख्ख्या सोसायटीचा जीव टांगणीला लागायचा.

त्या दिवसांविषयी बोलताना आपण सील केलेल्या इमारती, नाक्यावरचे पोलिसांचे अडथळे, ऑक्सिजनसाठीची धावाधाव यांविषयी बोलतो. ते साहजिकच आहे, प्रत्येक घरानं कुणी ना कुणी गमावलं आहे. पण त्याच काळात आणखी एक इतिहास घडत होता आणि तो जवळजवळ न सांगताच राहिला. प्रयोगशाळेत मुद्दाम रचलेले डीएनए आणि आरएनए पहिल्यांदाच सर्वसामान्य माणसापर्यंत पोहोचले, आधी त्याच्या नाकातल्या स्वॅबवर आणि मग त्याच्या दंडात. कासारवडवलीच्या टॉवरपासून कल्याणच्या जुन्या चाळींपर्यंत असं एकही घर उरलं नाही, जिथे या रेणूंचं काम झालं नाही. या चार वर्षांत आपण विषाणूची अक्षरं वाचायला लवकर शिकलो, पण उत्तरादाखल आपली अक्षरं लिहायला आपल्याला फार वेळ लागला. त्या दोन वेगांची ही कहाणी आहे, आणि तिचे महत्त्वाचे प्रसंग ठाणे, डोंबिवली, पुणे, पवई आणि खारघर एवढ्याच टापूत घडले आहेत.

या विषाणूचा जनुकसंच आरएनएचा, २९,९०३ अक्षरांचा. चीनमधल्या झांग योंगझेन यांच्या गटानं तो वाचला आणि ११ जानेवारी २०२० रोजी तो इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला. तिथून पुढे चाचणी तयार करायला प्रत्यक्ष विषाणू हाताशी असण्याची गरज उरली नाही. अक्षरं हाती होती, तेवढी पुरे होती. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या क्रिस्टियान ड्रॉस्टेन यांच्या गटानं त्याच महिन्यात चाचणीचा आराखडा जगापुढे ठेवला.

त्या आराखड्याचा गाभा म्हणजे डीएनएचे वीस-पंचवीस अक्षरांचे कृत्रिम तुकडे. दोन तुकडे असे रचायचे की ते विषाणूच्या ठरावीक जनुकाच्या दोन्ही कडांना नेमके चिकटतील. हे प्रायमर. तिसरा तुकडा मधोमध बसणारा, तो प्रोब. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग असतो आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबून धरणारा रेणू. एक एन्झाइम आधी विषाणूच्या आरएनएची डीएनए-प्रत करतं. मग यंत्र तापमान ९५ अंशांपर्यंत चढवतं, साठच्या आसपास आणतं, पुन्हा चढवतं. दर फेरीला प्रती दुप्पट होतात. नवी प्रत बनवत पुढे सरकणारं एन्झाइम वाटेत आडव्या आलेल्या प्रोबचे तुकडे करतं, रंग मोकळा होतो आणि यंत्राला उजेड दिसतो. उजेड दिसायला जितक्या फेऱ्या लागल्या, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. कॅरी मलिस यांना ही प्रती वाढवण्याची कल्पना १९८३ साली सुचली. इतक्या तापमानात टिकणारं एन्झाइम मिळालं ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यांत जगणाऱ्या जिवाणूकडून. चाचणीतला बाकी सगळा भाग जुना होता. २०२० सालचं नवं काम एवढंच, की ते छोटे तुकडे कोणत्या अक्षरांचे असावेत हे ठरवायचं, ते चुकता कामा नयेत, आणि ते लाखोंच्या संख्येनं बनवायचे.

पुण्याच्या मायलॅब कंपनीत हे काम विषाणुतज्ज्ञ मिनल दाखवे-भोसले यांच्या गटानं हाती घेतलं. अशा किटला एरवी तीन-चार महिने लागतात, त्यांनी ते सुमारे सहा आठवड्यांत केलं. त्या तेव्हा गरोदर होत्या, दिवस भरत आलेले. १८ मार्च २०२० रोजी त्यांनी किट तपासणीसाठी एनआयव्हीकडे सोपवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. एकाच नमुन्याची पुन्हापुन्हा चाचणी केली तरी उत्तर एकच यायला हवं, ही त्यातली खरी कसोटी होती, आणि ते किट त्या कसोटीला उतरलं. २३ मार्चला मान्यता मिळाली. परदेशी किटनं एका चाचणीला सुमारे साडेचार हजार रुपये पडत, इथे बाराशे. परदेशी किटला सहा-सात तास लागत, इथे अडीच. त्या आठवड्यात देशात टाळेबंदी लागली होती आणि बातम्यांत दुसरं चांगलं काही नव्हतं. म्हणून ती बातमी लोकांनी एकमेकांना पाठवून पाठवून वाचली.

चाचणी म्हणजे केवळ किट नव्हे. नाकातला नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकवणारं द्रावण लागतं, त्याची काडी लागते, आरएनए वेगळा करणारी रसायनं लागतात. सूक्ष्मजीवशास्त्राची वाढ-माध्यमं बनवणारी हायमीडिया ही कंपनी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली. तिनं विषाणू-वाहक माध्यमाच्या नळ्या आणि पुढे आरटीपीसीआर किटही बनवले. जून २०२० मध्ये बाळकूमला ग्लोबल हबच्या इमारतीत १,०२४ खाटांचं कोविड रुग्णालय उभं राहिलं. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं गौरीपाड्याला स्वतःची प्रयोगशाळा सुरू केली आणि तिथल्या रहिवाशांचे स्वॅब मुंबईपर्यंत नेण्याची गरज संपली. या साऱ्याचा परिणाम दरांत दिसतो. मार्च २०२० मध्ये खासगी चाचणीची कमाल किंमत ४,५०० रुपये होती. राज्य सरकारनं जूनमध्ये ती २,२०० वर आणली, मार्च २०२१ अखेर ५०० वर आणि डिसेंबर २०२१ मध्ये ३५० वर. सूत्र तेच, तुकडे तेच. फरक पडला तो त्या तुकड्यांच्या उत्पादनाचा आणि ती चाचणी करणाऱ्या हातांच्या संख्येचा. पावणेदोन वर्षांत चाचणीची किंमत तेरा पटींनी उतरली, ही गोष्ट मला त्या काळातल्या मोठ्या यशांपैकी एक वाटते. तिचं श्रेय रात्रपाळीत प्लेट भरणाऱ्या, पीपीई किटमध्ये घामानं निथळणाऱ्या हजारो लॅब टेक्निशियनचं आहे. त्यांची नावं कुठेही नोंदलेली नाहीत.

याच काळात न्यूक्लिक आम्लांची भाषा घराघरात शिरली. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लोक एकमेकांना विचारू लागले, ‘सीटी किती?’ पस्तीस आला की हायसं वाटायचं, अठरा आला की घरात शांतता पसरायची. आकडा कमी म्हणजे विषाणू जास्त, इतकं खरं. पण वेगवेगळ्या किटचे, वेगवेगळ्या तऱ्हेनं घेतलेल्या स्वॅबचे आकडे शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत, हे कुणी नीट समजावून सांगितलं नाही. घाईत घेतलेला स्वॅब सीटी व्हॅल्यू वाढवतो, त्याचा रुग्णाच्या फुफ्फुसाशी काही संबंध नसतो. महाराष्ट्र सरकारनं तर पॉझिटिव्ह ठरवण्याची मर्यादा ३५ वरून २४ वर आणण्याविषयी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला म्हणजे आयसीएमआरला विचारणा केली होती. आयसीएमआरनं एप्रिल २०२१ मध्ये नकार दिला, कारण २४ वर रेष ओढली असती तर संसर्ग पसरवणारे कितीतरी रुग्ण निगेटिव्ह म्हणून घरी गेले असते. तो नकार योग्य होता.

यापेक्षा वेगळ्या वाटेनं जाणारी एक चाचणीही त्याच वर्षी देशात तयार झाली. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतल्या देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटानं क्रिस्पर वापरलं. विशिष्ट क्रम शोधून त्याला पकडणारं कॅस-९ प्रथिन, त्याला वाट दाखवणारा आखूड कृत्रिम आरएनए, आणि उत्तर कागदी पट्टीवर उमटणाऱ्या रेषेत. सत्यजित राय यांच्या गुप्तहेरावरून तिला ‘फेलुदा’ नाव मिळालं. टाटा समूहाच्या साहाय्यानं ती बाजारात आणायला १९ सप्टेंबर २०२० रोजी परवानगी मिळाली, आणि तीनच आठवड्यांच्या आत क्रिस्परसाठी जेनिफर डाउडना व एमान्युएल शार्पांतिए यांना नोबेल जाहीर झालं. आपल्याकडच्या केंद्रांवर मात्र लोक आरटीपीसीआर आणि रॅपिड अँटिजेन या दोनच रांगा ओळखत होते. क्रिस्परची पट्टी त्या रांगांमध्ये आलीच नाही.

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे ट्रक बाहेर पडले आणि १६ जानेवारीला लसीकरण सुरू झालं. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या बहुतेकांनी घेतली ती हीच लस. ‘जनुकीय लस आम्ही घेतलीच नाही, ती अमेरिकेतली’ असं आजही अनेक जण म्हणतात. पण कोविशील्डच्या कुपीत चिंपांझीला सर्दी करणारा एक अॅडिनोव्हायरस असतो. त्याची स्वतःची वाढ थांबवलेली असते आणि त्याच्या डीएनएत करोनाच्या काट्याचं, म्हणजे स्पाइक प्रथिनाचं जनुक घातलेलं असतं. तो पेशीत शिरतो, पेशी त्या डीएनएवरून आरएनए बनवते, आरएनएवरून काटा बनतो, आणि शरीर तो ओळखायला शिकतं. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडात माणसानं रचलेला डीएनए गेला आहे. ही भीतीची बाब नाही. इतक्या मोठ्या प्रमाणावर असं काही याआधी कधी झालं नव्हतं, आणि ते हडपसरमधून झालं, याचा मला अभिमान वाटतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहमदाबादच्या झायडसच्या ‘झायकोव्ह-डी’ला मान्यता मिळाली. माणसांसाठी मंजूर झालेली ती जगातली पहिली डीएनए लस, सुईविना दिली जाणारी. महाराष्ट्रात ती सुरुवातीला नाशिक आणि जळगावला दिली गेली, ठाण्याच्या वाट्याला आली नाही.

लस येत होती, तेव्हा विषाणू बदलत होता. ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्रात घेतलेल्या काही नमुन्यांत एक नवी वंशावळ होती, पुढे तिचं नाव बी.१.६१७ झालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत रुग्ण झपाट्यानं वाढले आणि तिथे पुन्हा टाळेबंदी लावावी लागली. देशभरातल्या प्रयोगशाळांना जोडून जनुकीय क्रम वाचणारं ‘इन्साकॉग’ हे जाळं डिसेंबर २०२० च्या अखेरीस स्थापन झालं होतं, त्यात पुण्याच्या एनआयव्ही आणि एनसीसीएस या दोन संस्था होत्या. पण रोजच्या हजारो नमुन्यांतून वाचले जाणारे नमुने फार थोडे होते. महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ‘दुहेरी बदल’ आढळल्याचं केंद्रानं २४ मार्च २०२१ रोजी जाहीर केलं. तोवर दुसरी लाट ठाण्याच्या दारात उभी होती. त्याच वंशावळीतल्या एका प्रकाराला डेल्टा हे नाव तर ३१ मेला मिळालं, तेव्हा ती लाट ओसरत होती. नमुने होते, शीतपेट्यांत पडून होते, त्यांतली अक्षरं कुणी वेळेवर वाचली नाहीत. ही उणीव मला त्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उणिवांपैकी एक वाटते. ऑक्सिजनच्या टाक्यांइतकीच ती महत्त्वाची होती, फक्त ती दिसत नव्हती.

तिचा धडा लवकर घेतला गेला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी कस्तुरबा रुग्णालयात जिनोम सिक्वेन्सिंगची प्रयोगशाळा सुरू झाली. एका वेळी ३८४ नमुने वाचू शकणारी. आर्थर रोडचं हे महापालिकेचं साथरोगांचं रुग्णालय, दीड वर्षापूर्वी ठाण्याचे पहिले स्वॅब जिथे गेले तेच, आता विषाणूचे तीस हजार अक्षरांचे क्रम वाचत होतं.

२४ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेनं जागतिक आरोग्य संघटनेला एका नव्या प्रकाराची माहिती कळवली. त्याच दिवशी डोंबिवलीत राहणारा तेहतीस वर्षांचा एक सागरी अभियंता केप टाउनहून दुबई आणि दिल्लीमार्गे मुंबईला उतरला. जहाजावर असल्यामुळे त्याला लस मिळाली नव्हती. अंगात किरकोळ ताप होता. त्याच्या शरीरातल्या विषाणूला तेव्हा नावही नव्हतं, दोन दिवसांनी संघटनेनं त्याला ओमिक्रॉन म्हटलं.

या प्रकाराची पहिली चाहूल लागली ती चाचणीच्या एका अपयशातून. तीन जनुकं शोधणाऱ्या एका प्रचलित किटमध्ये ओमिक्रॉनच्या नमुन्यांत दोन जनुकांचा उजेड दिसे, तिसऱ्याचा, म्हणजे काट्याच्या जनुकाचा, दिसत नसे. तीन साक्षीदारांपैकी दोघे होकार देत आणि एक हटकून गप्प बसे. कारण साधं होतं. काट्याच्या जनुकातली, प्रथिनाच्या ६९ आणि ७० या जागांची अक्षरं गळाली होती आणि प्रोब नेमका तिथेच बसायचा. एरवी ही चाचणीची चूक ठरली असती. पण तेव्हा जगभर पसरलेल्या डेल्टात ही अक्षरं शाबूत होती. म्हणून गप्प राहिलेला साक्षीदारच सांगू लागला की समोरचा विषाणू डेल्टा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या गौतेंग प्रांतातल्या प्रयोगशाळेला नोव्हेंबरमध्ये शंका आली ती इथूनच.

शंकेची खात्री पूर्ण क्रम वाचूनच करता येते. त्यासाठी विषाणूच्या आरएनएची डीएनए-प्रत घेऊन ती एकमेकांवर थोडी चढणाऱ्या छोट्या तुकड्यांत वाढवायची, यंत्रानं हे तुकडे एकाच वेळी वाचायचे आणि संगणकानं ते वुहानच्या मूळ क्रमाशेजारी मांडून फरक नोंदायचे. तुकडे वाढवायलाही रचलेले प्रायमरच लागतात. विषाणू बदलला की त्यातला एखादा निकामी होतो आणि क्रमात भगदाड पडतं. मग नवा प्रायमर रचावा लागतो. हे काम कधी संपत नाही.

राज्याच्या आरोग्य विभागानं ४ डिसेंबर २०२१ रोजी जाहीर केलं: डोंबिवलीच्या प्रवाशाला ओमिक्रॉन आहे. महाराष्ट्रातला तो पहिला, देशातला चौथा. बंगळुरूचे दोन २ डिसेंबरला आणि जामनगरचा एक ४ डिसेंबरलाच सापडला होता. विमानतळावर उतरल्यापासून दहा दिवसांत त्याच्या शरीरातला विषाणू अक्षर न अक्षर वाचला गेला होता. डेल्टाच्या वेळी पाच महिने गेले होते. त्याला कल्याणच्या लाल चौकीजवळच्या महापालिकेच्या केंद्रात ठेवलं होतं. त्याच्या निकट संपर्कातल्या बारा आणि दूरच्या संपर्कातल्या तेवीस जणांची चाचणी झाली, दिल्ली-मुंबई विमानातल्या पंचवीस सहप्रवाशांचीही. सगळे निगेटिव्ह. ८ डिसेंबरला तो बरा होऊन घरी गेला. डोंबिवलीचं नाव देशभरच्या बातम्यांत झळकलं आणि काही दिवस तिथल्या लोकांकडे मुंबईत संशयानं पाहिलं गेलं, हे अन्यायाचं होतं. खरं तर डोंबिवलीकरानं चाचणी करून घेतली, वेगळा राहिला, पालिकेनं त्याचा माग ठेवला, म्हणूनच ओमिक्रॉन त्याच्यापाशी थांबला. पुढे तो दुसऱ्या वाटांनी आला, जानेवारी २०२२ ची लाट आलीच.

३० डिसेंबरला ओमिक्रॉन थेट ओळखणाऱ्या ‘ओमिशुअर’ किटला आयसीएमआरनं मान्यता दिली. त्याच्या रचनेत दोन गोष्टी एकत्र होत्या: काट्याच्या जनुकातली गळालेली जागा आणि त्याच जनुकातले ओमिक्रॉनचे खास बदल. दुसरा भाग घालणं शहाणपणाचं ठरलं, कारण पुढे बळावलेल्या बीए.२ या उपप्रकारात ती ६९-७० ची गळती नव्हतीच, तिघेही साक्षीदार पुन्हा बोलू लागले होते.

आता लिहिण्याची बाजू. पुण्याच्या एमक्युअर कंपनीची उपकंपनी जिनोव्हा हिंजवडीत आहे. संजय सिंग यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या लोकांनी २०२० मध्ये सिएटलच्या एचडीटी बायो या कंपनीबरोबर एमआरएनए लसीचं काम सुरू केलं. डिसेंबर २०२० मध्ये माणसांवरच्या चाचण्यांची परवानगी मिळाली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचा पैसा होता.

एमआरएनए लस बनवायला पेशींची वाढ करावी लागत नाही. डीएनएचा साचा घ्यायचा, टी-७ नावाच्या एन्झाइमनं त्यावरून आरएनए उतरवायचा, त्याच्या एका टोकाला टोपी आणि दुसऱ्या टोकाला शेपटी जोडायची, शुद्ध करायचा आणि मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळायचा. सांगायला चार ओळी लागतात, पण यातल्या प्रत्येक पायरीवर माणसांनी आयुष्यं घालवली आहेत. कॅटालिन कॅरिको आणि ड्रू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं की आरएनएतलं एक अक्षर किंचित बदललं तर शरीर त्याला शत्रू समजून पेटून उठत नाही. त्यासाठी त्यांना २०२३ चं नोबेल मिळालं. जिनोव्हानं पुढे जी वाट धरली ती थोडी वेगळी होती, स्वतःच्या प्रती काढणारा आरएनए. त्यात काट्याच्या जनुकाबरोबर अल्फाव्हायरसकडून उसनं घेतलेलं, आरएनएच्या प्रती काढणारं यंत्रही लिहिलेलं असतं. पेशीत गेल्यावर तो काही काळ स्वतःला वाढवत राहतो, त्यामुळे थोड्या मात्रेत काम भागतं.

खरी अडचण थंडीची होती. फायझरची लस उणे ७० अंशांत ठेवावी लागायची, मॉडर्नाची उणे २०. आपल्या लसीकरणाची सारी व्यवस्था २ ते ८ अंशांच्या आयएलआर या खास फ्रिजवर उभी आहे, जिल्ह्याच्या शीतगृहापासून शहापूर-मुरबाडच्या आरोग्य केंद्रापर्यंत. फायझरनं फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतातला अर्ज मागे घेतला. मॉडर्नाला जूनमध्ये आयातीची परवानगी मिळाली, पण ती लस सर्वसामान्यांपर्यंत कधी आलीच नाही. आरएनए स्वभावतःच ठिसूळ असतो. त्याच्या साखळीतल्या प्रत्येक कडीवर एक जास्तीचा ऑक्सिजन-हायड्रोजन गट असतो आणि पाण्याच्या सान्निध्यात तो स्वतःचीच साखळी तोडतो. पाणीच काढून टाकलं तर ही मोडतोड मंदावते. जिनोव्हानं लस गोठवून, निर्वातात सुकवून भुकटीच्या रूपात आणली. वापरताना ती द्रवात विरघळवायची, साध्या फ्रिजमध्ये ठेवायची आणि सुईविना त्वचेत सोडायची. या प्रश्नावर उत्तर शोधायला कुणी तरी भारताच्या आरोग्य केंद्रांचाच विचार करायला हवा होता, आणि तो पुण्यात झाला. मला जिनोव्हाच्या कामातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

जून २०२२ च्या अखेरीस ‘जेमकोव्हॅक-१९’ला आपत्कालीन मान्यता मिळाली, देशातली पहिली एमआरएनए लस. पण ती जुन्या काट्यासाठी लिहिलेली होती आणि रस्त्यावर होता तो ओमिक्रॉन. मग तोच सांगाडा ठेवून काट्याची अक्षरं बदलली, सुमारे तीन हजार जणांवर चाचणी झाली, आणि २० जून २०२३ रोजी ‘जेमकोव्हॅक-ओएम’ मंजूर झाली. चार दिवसांनी केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांच्या हस्ते तिचं अनावरण झालं.

डोंबिवलीच्या घोषणेला तोवर साडेअठरा महिने झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं त्याआधी सहा आठवडे, ५ मे २०२३ रोजी, आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं होतं. बूस्टर डोस घ्यायला लोक येत नव्हते. ठाण्यातल्या लसीकरण केंद्रांवर तोवर सामसूम होती. वाचायला दहा दिवस आणि लिहायला साडेअठरा महिने, इतकं अंतर का? काट्याची नवी अक्षरं टाइप करायला एक दिवसही लागत नाही. मॉडर्नानं २०२० मध्ये क्रम हाती आल्यावर दोन दिवसांत लसीचा मजकूर पक्का केला होता आणि १६ मार्चला पहिल्या स्वयंसेवकाला ती टोचली होती. वेळ जातो तो त्यानंतरच्या कामांत. शुद्ध साचा, एन्झाइम, मेद, कुपीत भरण्याचे कारखाने, माणसांवरच्या चाचण्या, त्यांच्या निकालांची तपासणी. यातल्या काही गोष्टींना वेळ द्यायलाच हवा. पूर्वी हे झटपट झालंही होतं: प्लेगची लस करणारे शास्त्रज्ञ हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचं काम करायला आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी स्वतःला लस टोचून घेतली. तीन महिने. पण ते धाडस एका माणसानं स्वतःपुरतं केलं होतं, आजच्या सरकारला लाखोंच्या वतीनं ते करता येत नाही. माझा आक्षेप चाचण्यांवर नाही. आक्षेप आहे तो साच्यापासून कुपीपर्यंतची साखळी साथ नसताना उभी न ठेवण्यावर. जिनोव्हाला ती शून्यातून उभी करावी लागली, आणि बहुतेक वेळ तिथे गेला. आता ती आहे, आणि ती रिकामी ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

याच चार वर्षांत पवईत दुसरंच काही घडत होतं. घोडबंदर रोडहून आयआयटी मुंबई दूर नाही. तिथले राहुल पुरवार २०१३ मध्ये हार्वर्डहून परतले होते. अलका द्विवेदी, अथर्व करुलकर अशा विद्यार्थ्यांना घेऊन ते रक्ताच्या कर्करोगावर कार-टी उपचार भारतात बनवायच्या मागे लागले. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांत एका निरुपद्रवी केलेल्या लेंटिव्हायरसच्या साहाय्यानं नवं जनुक घालायचं. त्या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर कर्करोगाच्या पेशींवरचं सीडी-१९ हे प्रथिन ओळखणारा ग्राही उगवतो, आणि या पेशी कर्करोगाच्या पेशी हुडकून मारतात. तो ग्राही त्यांनी मानवी प्रथिनांच्या अधिक जवळचा करून रचला, जेणेकरून शरीर कमी भडकेल. ४ जून २०२१ रोजी, दुसरी लाट नुकतीच ओसरत असताना, खारघरच्या टाटा मेमोरियलच्या अॅक्ट्रेक केंद्रात देशातला पहिला कार-टी उपचार झाला. बाहेर रस्ते रिकामे होते, स्वॅब चालू होते, आणि आत एका रुग्णाच्या पेशींत नवं जनुक घालून त्या परत सोडल्या जात होत्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार-१९’ला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटीत त्याचं लोकार्पण केलं. ६४ रुग्णांवरच्या चाचण्यांचे निकाल २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त आले: सुमारे ७३ टक्के रुग्णांना उपचार लागू पडला.

परदेशात याच उपचाराचा खर्च तीन-चार कोटी रुपये, इथे लोकार्पणाच्या वेळी ३० ते ४० लाख. एक दशांश ही मोठी कामगिरी आहे. तरीही ठाणे किंवा कल्याणमधल्या बहुतेक कुटुंबांना तीस लाख म्हणजे राहतं घर विकणं. खर्चातला मोठा वाटा जनुक वाहून नेणारा विषाणू म्हणजे व्हेक्टर बनवण्याचा आणि प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या पेशी वाढवण्याचा आहे, तो कमी करण्याचं काम चालू आहे. आरटीपीसीआरची किंमत ४,५०० वरून ३५० वर यायला पावणेदोन वर्षं लागली होती, तीही सरकारनं दर बांधून दिले, देशात किट बनले आणि प्रयोगशाळा वाढल्या म्हणून. कार-टीच्या बाबतीत यातलं पहिलं काम अजून कुणी हाती घेतलेलं नाही.